दिवाडीचे बेट आणि त्याचे बांध

गोमंतकात सहलीस जाणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे फारच वाढली आहे. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली, की पिंपरी-चिंचवडच्या वसाहतींतून व चाकणच्या कारखान्यांच्या भोवतालच्या गावांतून रात्रीच्या गाड्या भरून निघतात, आणि सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा प्रवास करून सकाळी पणजीस पोहोचतात. यांपैकी बहुतेकांचा गोवा म्हणजे समुद्रकाठची वाळू. काही जिज्ञासू मंडळी वाट वाकडी करून जुन्या गोव्यास जातात, तेथील बॉम जेझुस व से कॅथेड्रल ही दोन भव्य चर्चे पाहतात आणि मागे फिरतात. परंतु तेथेच एक रस्ता उताराने एका जुन्या दगडी कमानीखालून नदीवर जातो. वास्को द गामाच्या पणतवाने, स्वतः गोव्याचा व्हाइसरॉय असता, आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ उभारलेली ही कमान. तिच्यापुढे पाच-पन्नास पावलांवर फेरीबोटीचा धक्का आहे, आणि पैलतीरी जे सपाट, हिरवे, मध्येच एक टेकडी वर काढलेले बेट दिसते ते दिवाडी होय. जुन्या गोव्यास आलेल्या शंभरांतील नव्वद माणसे ते पाहून न पाहिल्यासारखे करतात. त्या नव्वदांसाठीच हे चार शब्द आहेत.

सह्याद्रीवरून उतरलेली मांडवी पणजीपाशी समुद्रास मिळते. परंतु मिळण्यापूर्वी ती रुंदावते, तिला फाटे फुटतात, आणि त्या फाट्यांच्या मध्ये कित्येक बेटे तयार झालेली आहेत. चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे ही त्यांतील ठळक नावे. ज्या भूमीवर पणजी व जुने गोवे वसले आहे ती तिसवाडीची भूमी हीदेखील, मांडवी, जुवारी व त्या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा यांनी वेढलेली असल्यामुळे, वस्तुतः एक बेटच आहे. दिवाडीस जुन्या संस्कृत ग्रंथांत दीपवती म्हटले आहे. आज बेटावर पिएदाद, माळार, नावेली, गोळती, नार्वे अशी लहान लहान वस्तीची स्थळे आहेत. मोठी बाजारपेठ नाही, कारखाना नाही, समुद्रकिनारा तर नाहीच. १९९८ साली पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा मार्ग या बेटावरून गेला आहे खरा, परंतु येथे स्थानक नाही. गाडी येते आणि पुलावरून निघून जाते. बेटावर उतरावयाचे तर नदीतूनच यावे लागते.

याकरिता तीन वाटा आहेत. एक जुन्या गोव्याहून, दुसरी रायबंदरहून, आणि तिसरी उत्तरेकडील डिचोली तालुक्यातील नार्वे गावाहून. तिन्ही ठिकाणी सपाट बुडाच्या फेरीबोटी माणसे, सायकली, दुचाक्या व मोटारी एकदमच घेऊन पार करतात. पाच-सात मिनिटांचा काय तो प्रवास. परंतु तेवढ्यात पाठीमागे कॅथेड्रलची शिखरे नारळींत बुडू लागतात आणि समोर कांदळीची रांग जवळ येते. घाईच्या माणसास फेरीबोटीची वाट पाहणे जड जाते हे कबूल. पण ज्यास बेट पाहावयाचे आहे त्याने धक्क्यावर उभे राहून नदीचे पाणी चढते आहे की उतरते आहे एवढे मात्र अवश्य पाहून घ्यावे. पुढे जे दिसणार आहे त्याची किल्ली त्या पाण्यात आहे.

बोटीतून उतरल्यावर रस्ता सरळ भातशेतांतून निघतो. दोन्ही बाजूंस दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट जमीन, मधून पाण्याचे पाट, कडेला कुठे माडांची ओळ, पांढरे बगळे, तारेवर बसलेला एखादा खंड्या. पावसाळ्यात हा सर्व देखावा अशा रंगाचा असतो की, शहरातील माणूस काही वेळ बोलणेच विसरतो. ‘काय हे निसर्गसौंदर्य!’ असे उद्गार साहजिकच निघतात. तथापि येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. हा देखावा निसर्गाने केलेला नाही. निसर्गाच्या स्वाधीन केले तर या जागी खारा चिखल आणि कांदळवन राहील, भाताची एक लोंबी दिसणार नाही. ज्या जमिनीवर हे भात उभे आहे ती भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. नदीला समुद्राची भरती दिवसातून दोन वेळा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी सुमारे दोन मीटर चढते. आणि उन्हाळ्यात, डोंगराकडून येणारे गोडे पाणी आटल्यावर, हे चढणारे पाणी चांगलेच खारट असते. ते पाणी शेतात शिरत नाही याचे कारण मनुष्याने घातलेला मातीचा बांध.

गोव्यात अशा जमिनीस खाजन म्हणतात. रायगड-रत्नागिरीकडील वाचकांस खारजमीन हा शब्द ओळखीचा आहे, वस्तू एकच. साऱ्या गोव्यात अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते, आणि दिवाडी-चोडणची सखल शेते ही त्यातील उत्कृष्ट उदाहरणे होत. ही रचना केव्हा सुरू झाली याची नोंद कोणी लिहून ठेवलेली नाही. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधीपासून ती चालू होती एवढे निश्चित. हॉलंड देशातील लोकांनी समुद्र हटवून जमीन मिळविली ही गोष्ट आपल्याकडील मुलांस भूगोलात शिकविली जाते. तीच गोष्ट, त्या मानाने लहान प्रमाणावर परंतु यंत्रांवाचून व सिमेंटावाचून, आपल्या शेजारी घडलेली आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

बांधाची रचना पाहण्यासारखी आहे. नदीच्या बाजूचा मुख्य बांध खाडीतील चिकण मातीचा असतो. तीत पेंढा मिसळून थरावर थर देतात, आणि लाटेचा मार बसतो त्या अंगास जांभ्या दगडाची फरसबंदी करतात. बांधाच्या बाहेर, पाण्याकडच्या अंगास, कांदळ मुद्दाम राखतात, कारण त्याच्या मुळांच्या जाळ्यात लाटेचा जोर मोडतो. बांधाच्या आत शेते, शेतांतून पाट, आणि सर्व पाट जेथे एकत्र येतात तेथे एक तळे. त्यास पोंय म्हणतात. तळे आणि नदी यांच्या मध्ये, बांधाच्या पोटात, एक दार असते. कोकणात याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस.

हे मानस म्हणजे या सर्व व्यवस्थेचा प्राण होय. जांभ्या दगडाच्या चौकटीत लाकडी झडपा बसविलेल्या असतात, त्या अशा बेताने की त्या केवळ नदीच्या बाजूसच उघडाव्यात. ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी खाली जाते, आतील पाण्याचा दाब वाढतो, झडपा बाहेर ढकलल्या जातात आणि शेतातील जादा पाणी नदीत निघून जाते. भरती लागली की बाहेरचे पाणी चढते व त्याच्याच दाबाने झडपा आपोआप मिटतात. म्हणजे जे पाणी आत शिरू पाहते तेच आपल्या हाताने दार लावून घेते! कोणी रखवालदार रात्री उठून दार लावावयास नको, कळ नको, वीज नको. घाट उतरून आलेल्या ज्या मंडळींचा सारा दिवस चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांशी व्यवहार करण्यात जातो, त्यांनी तरी हे यंत्र पाच मिनिटे उभे राहून पाहावे. त्यांच्याइतकी त्याची किंमत दुसऱ्या कोणास कळणार नाही.

आता शेतीचा क्रम. उन्हाळाभर जमिनीत थोडा खार राहतोच. मृगाचा पाऊस सुरू झाला की पहिल्या सरी तो खार विरघळवून पाटात उतरवितात आणि ओहोटीबरोबर मानसातून तो नदीत जातो. जमीन अशी धुऊन निघाल्यावर भात पेरतात. त्यातही कोरगूट नावाची एक जुनी जात आहे, ती थोडा खार सोसते. उत्पन्न बेताचे, पण ज्या ठिकाणी इतर भात करपून जाईल तेथे ती उभी राहते. पीक निघाले की शेतकऱ्याचे काम संपले, तळ्याचे सुरू झाले. मानसाच्या तोंडाशी जाळे लावून मासळी व कोळंबी धरतात, आणि या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. एकाच जमिनीतून आधी भात आणि मागाहून मासळी, म्हणजे गोमंतकीयाच्या ताटातील दोन्ही पदार्थ, असा हा हिशेब आहे.

कुंभारजुव्याच्या फाट्यातील खाऱ्या पाण्यात सुसरी आहेत, आणि फाट्याच्या काठच्या भोम वगैरे गावांतील शेतकरी पौष महिन्याच्या अमावास्येस चिखलाची सुसर घडवून तिची पूजा करतात. तिला माणगे म्हणतात. बांध राखणाऱ्याने आपल्या देवांत सुसरीलाही जागा करून द्यावी यात नवल नाही.

येथवर जे सांगितले ते ऐकून एखाद्यास वाटेल की, व्यवस्था इतकी सुबक आहे तर ती आपोआप चालत राहील. तसे मात्र नाही. मातीचा बांध दरवर्षी खचतो. खेकडे त्यात बिळे करतात. एक बीळ दुर्लक्षिले तर त्यातून पाझर सुरू होतो, पाझराची धार होते, आणि एखाद्या उधाणाच्या रात्री तेथेच बांधास भगदाड पडते. पूर्वी ही देखरेख गावकरी नावाची संस्था करीत असे. गावची जमीन गावकऱ्यांच्या समाईक मालकीची. ती कसण्यासाठी लिलावाने द्यावयाची. येणाऱ्या उत्पन्नातून आधी बांध, पाट, देवस्थान यांचा खर्च काढावयाचा, आणि उरेल ते गावकऱ्यांत वाटावयाचे. या वाट्यास जण म्हणत. खर्चाचा हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. बांध आधी, वाटणी नंतर. पोर्तुगीजांनी पुष्कळ काही मोडले, पण ही संस्था मोडण्यात त्यांचेच नुकसान होते, सारा बुडाला असता. म्हणून १५२६ साली त्यांनी तिचे रीतिरिवाज एका सनदेत नोंदवून घेतले आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव देऊन आपल्या देखरेखीखाली चालू ठेवले.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्यानंतर १९६४ चा कूळकायदा आला, व १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्यास ती मिळाली, हा न्यायच झाला. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जमीन वाटून देता येते, बांध वाटून देता येत नाही. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कोठे संघ नेटाने चालले, कोठे केवळ कागदावर राहिले. मजुरी वाढली, भाताचा भाव बेताचा राहिला, घरोघरची तरुण मंडळी मुंबईस, आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात गेली. इकडे मासळीचा भाव मात्र चढत गेला. मानसाचा मक्ता घेणाऱ्यास खारे पाणी जितके आत येईल तितका लाभ, आणि शेतकऱ्याचा तितकाच तोटा. पूर्वी या दोघांच्या वादात गावकरी निवाडा देत असे. आता दार मुद्दाम उघडे ठेवले तर जाब कोणी विचारावा, हाच प्रश्न पडतो. त्यातच खनिजाने भरलेल्या बार्जी कित्येक वर्षे मांडवीतून जा-ये करीत होत्या. त्यांच्या लाटांनी बांधांचे पाये पोखरले गेले, अशी काठच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कोकण रेल्वेची आखणी चालू असतानाही याच खाजनांवरून बराच वाद माजला होता.

बांध फुटला आणि दोन-तीन वर्षे तसाच राहिला म्हणजे काय होते, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. बेटाच्या कडेने हिंडताना अशा जागा दिसतात. शेतात खारे पाणी साचते, आणि त्यात कांदळ उगवते. आता मौज अशी की, कांदळास कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असावयासही हवे, कारण किनाऱ्याचा तो आधार आहे. पण जे कांदळ बांधाबाहेर रखवालदार होते, तेच बांधाच्या आत आले म्हणजे घराचे मालक होऊन बसते. ते तोडता येत नाही, आणि तोडल्यावाचून शेत परत मिळत नाही. एक भगदाड वेळेवर न बुजविल्याची शिक्षा कायमची होते. समुद्राची पातळी हळूहळू चढत आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा येथील बांधांचे काम यापुढे कमी होणार नसून वाढणारच आहे. ज्या मंडळींनी एका पिढीच्या आत चाकणच्या बाजारपेठेभोवतालची कांद्याची शेते कारखान्यांखाली गेलेली पाहिली, त्यांना शेत नाहीसे होणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. फरक इतकाच की, तेथे शेताच्या जागी निदान पगार आला; येथे खारे पाणी येते.

शेतांतून जाणारा रस्ता पुढे टेकडी चढून पिएदादच्या चर्चपाशी येतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभीची ही इमारत आंतोनियो जुवांव द फ्रियाश नावाच्या गोमंतकीय धर्मगुरूच्या आराखड्यावरून झाली. म्हणजे नदीपलीकडच्या चर्चांप्रमाणे ती यूरोपीय लोकांनी योजलेली नसून येथल्याच मनुष्याने योजलेली आहे, हे तिचे वैशिष्ट्य. पुढील अंगणातून खालची शेते, मांडवीचे वळण आणि पलीकडील जुन्या गोव्याची शिखरे एका दृष्टीत येतात. ज्या नगरात एकेकाळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याचा दरबार भरत असे, ते रोगराईने ओस पडत गेले, आणि १८४३ साली राजधानीचा मान रीतसर पणजीस गेला. त्याच्या समोरची भातशेते मात्र अद्याप पिकत आहेत.

चर्चजवळच दफनभूमी आहे. तिच्यातील लहानशी कपेल हा मूळच्या कदंबकालीन देवालयाचा उरलेला भाग होय. कोरीव दगडी काम तेथे अजून पाहावयास मिळते. हे देवालय गणपतीचे होते. सोळाव्या शतकात तिसवाडीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी मूर्ती नदीपार नेली, आणि आज ती फोंडा तालुक्यातील खांडोळे येथे महागणपती म्हणून पुजली जाते. मोरया गोसावींच्या चिंचवडातून आलेल्या माणसास ही हकीकत विशेष जवळची वाटेल. परंतु ही जागा आज कोणाच्या तरी आईबापांची विश्रांतीची जागा आहे, हे विसरू नये. तेथे मोठ्याने बोलणे, थडग्यांवर बसून छायाचित्रे काढणे, किंवा जुन्या अन्यायाचा हिशेब आजच्या गावकऱ्यांजवळ मागणे, यांपैकी काहीही शोभणारे नाही. त्या गावकऱ्यांच्या पूर्वजांनीच तर देवळेही बांधली होती आणि बांधही.

याच पिएदादमध्ये १६७६ साली जाकोम गोन्साल्विस यांचा जन्म झाला. हे धर्मोपदेशक होऊन लंकेस गेले, तेथे सिंहली भाषा शिकले, आणि त्या भाषेत इतके लिहिते झाले की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांची गणना होते. १७४२ मध्ये ते तिकडेच वारले. भातशेतांच्या या लहानशा बेटाचे नाव लंकेतील विद्वानांस ठाऊक आहे आणि पुणेकरांस नाही, ही थोडी खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

गावातून चालताना जांभ्या दगडाची जुनी घरे लागतात. दाराशी बैठकीचे ओटे, वर कौले, आणि काही खिडक्यांना काचेऐवजी अजून शिंपल्यांच्या पातळ पारदर्शक चकत्या. पुष्कळ दारांस कुलुपे आहेत.

माळार येथे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरांचा उत्सव होतो. बांदैर म्हणजे पोर्तुगीज भाषेत निशाण. त्यावरून हे नाव. पूर्वी वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत, सरकारने हद्दीवर निशाणे लावली, आणि लोक एकमेकांची निशाणे पाडू लागले; त्याची आठवण म्हणून हा लुटुपुटीचा संग्राम, असे सांगतात. रंगीबेरंगी निशाणांची मिरवणूक निघते, आणि पोरे बांबूच्या नळीतून रानटी फळे उडवून ‘गोळीबार’ करतात. अलीकडे या दिवशी बाहेरची गर्दी इतकी लोटते की फेरीबोटींवर ताण पडतो. ज्यांना केवळ गर्दीच पाहावयाची असेल त्यांनी त्या दिवशी जावे. इतरांनी आठवडाभर आधी जावे हे बरे. भातही तेच असते आणि आकाशही. कार्निव्हालच्या दिवसांत येथे पोतेकार हिंडतात. मुखवटे घालून, कमरेस घाटी बांधून मुलांस भिवविणारी ही सोंगे आपल्याकडील शिमग्याच्या सोंगांची भावंडेच वाटतात.

बेटास पूल हवा की नको, हा प्रश्न येथे वारंवार निघतो. रात्री घरात कोणी आजारी पडले म्हणजे फेरीबोटीचे कौतुक पाहुण्यालाच सुचते, घरच्या माणसास नाही. तेव्हा पुलाची मागणी करणाऱ्यांस उगाच नावे ठेवू नयेत. दुसरे म्हणतात की, पूल आला म्हणजे त्यावरून दवाखान्याची गाडी जाईल तशी जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांचीही येईल. शेजारच्या प्रदेशात काय झाले ते आम्ही पाहतो आहोत. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि निर्णय बेटावर राहणाऱ्यांचा आहे. चार तास हिंडून परत जाणाऱ्या प्रवाशाने ‘हे असेच राहावे हो!’ असा आग्रह धरणे सोपे असते.

बेटाच्या उत्तर टोकास नार्वे आहे. येथे श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान होते. दहाव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांचे हे कुलदैवत. सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या बिरुदांत अभिमानाने करीत, आणि सिंहाच्या छापाच्या त्यांच्या सुवर्णमुद्रांवरही हे नाव आढळते. चौदाव्या शतकात बहामनी सैन्याने देवालय मोडले. त्या वेळी भक्तांनी लिंग शेताच्या बांधात पुरून ठेवले होते, अशी परंपरा आहे. म्हणजे दिवाडीच्या बांधाने एकदा देवासही आश्रय दिला म्हणावयाचा. शतकाच्या अखेरीस विजयनगरचा मंत्री माधव याने देवाची पुन्हा स्थापना केली. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी ते देवालयही पाडले. लिंग म्हणे विहिरीवर दगड म्हणून बसविले होते. तेथून ते काढून रातोरात नदीपलीकडे नेले गेले. मूळ जागी आज कोटितीर्थ नावाचे पायऱ्यांचे बांधीव तळे आहे. तेथे जाऊन फार काही ‘पाहण्यासारखे’ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाणी, शेवाळलेल्या पायऱ्या आणि भोवती झाडे, एवढेच. पण ज्याला हकीकत ठाऊक आहे त्याचा तेथे अर्धा तास सहज जातो.

तेथून उत्तरेच्या फेरीबोटीने नदी ओलांडली की पैलतीरीचे गावही नार्वेच. देवाने नदी ओलांडताना गावाचे नाव बरोबर नेले, असे म्हणावयाचे! हा भाग त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजविला. त्यानंतर आठ वर्षांनी शिवाजी महाराज डिचोली प्रांती असता त्यांनी या देवाचे नवे देवालय बांधण्याची आज्ञा दिली. त्याचा शिलालेख देवालयाच्या दारावर आहे. तिथी शके १५९० ची कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. उतरते कौलारू छप्पर, वर घुमट, समोर दीपमाळ अशी ही साधी वास्तू. गोवा सरकारने तिचा जीर्णोद्धार करून २०२३ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा खुली केली. दिवाडीचे मोकळे तळे आधी आणि नार्वेचे देवालय मागाहून पाहावे; उलट क्रमाने पाहिल्यास कथेचा शेवट आधी कळतो.

जावयाचा उत्तम काळ आषाढाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत. श्रावणात शेते भरलेली असतात, भाद्रपदात लोंब्या धरतात, आश्विनात पिवळेपण येऊन कापणीची गडबड सुरू होते. उन्हाळ्यात जमीन उघडी व करडी पडते. बांध आणि मानस यांची रचना मात्र तेव्हाच अधिक स्पष्ट दिसते. सकाळी जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून पार व्हावे, मोटार शक्यतो अलीकडेच ठेवून पायी अगर सायकलीने हिंडावे, आणि बांधावरून चालावयाचे झाल्यास आधी शेतात दिसेल त्यास विचारावे. बांध म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे. पावसात तो निसरडा तर असतोच, शिवाय त्याची ओली कड पायाखाली ढासळली तर ती पुन्हा बांधणारा मजूर गावात आता सहज मिळत नाही. मुलांना बरोबर घ्यावे, आणि भरती लागण्याच्या सुमारास मानसापाशी उभे करावे. झडप मिटते तेव्हा एक धप्प असा आवाज होतो.